एका तारखेचा दिनविशेष नीट कसा तयार करायचा

दिनविशेष म्हटलं की बहुतेक जण कुठूनतरी वीस ओळी उचलतात, जन्म, मृत्यू, घटना, झालं. पण एकच तारीख घेऊन दोन दिवस तिच्यामागे लागलात ना तर ती तारीख अक्षरशः जिवंत होते, म्हणून मी कसं करते ते सांगते, उदाहरणाला १२ फेब्रुवारी घेऊ.

आधी वहीत जे मिळेल ते सगळं उतरवा, वर्षासकट. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन दोघंही १८०९ च्या १२ फेब्रुवारीला जन्मले, एक इंग्लंडात एक अमेरिकेत. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा. चीनचा शेवटचा बादशहा पू यी याने १९१२ ला गादी सोडली. १९९४ ला ऑस्लोच्या म्युझियममधून चित्रकार मुंकचं 'द स्क्रीम' हे चित्र चोरीला गेलं, २००१ ला नीअर शूमेकर यान इरॉस लघुग्रहावर उतरलं.

आता खरं काम. प्रत्येक नोंदीला विचारा, हा योगायोग आहे की तारीख कुणी मुद्दाम निवडली? डार्विन-लिंकन हा निव्वळ योगायोग (आणि त्यात फार नवल नाही, २३ माणसं जमली तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते). पण चिलीने १८१८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं ते स्पेनविरुद्धच्या चाकाबुकोच्या लढाईला बरोबर एक वर्ष झालं म्हणून, आणि अमेरिकेतली एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना आपली स्थापना १२ फेब्रुवारी १९०९ मानते कारण तो लिंकनच्या जन्मशताब्दीचा दिवस होता. म्हणजे एका माणसाचा वाढदिवस शंभर वर्षांनी दुसरी घटना ओढून आणतो! मला तर असल्या जोड्याच सगळ्यात जास्त आवडतात, त्या शेजारी शेजारी लिहा, वर्षाच्या क्रमाने लिहिलं तर तुटतात.

दुसरं म्हणजे कॅलेंडर तपासा, इथे सगळे फसतात. १५८२ मध्ये ग्रेगोरियन, म्हणजे आपण आज वापरतो ते कॅलेंडर आलं, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर, पण सगळ्या देशांनी ते एकदम घेतलं नाही, ब्रिटनने १७५२ ला घेतलं आणि रशियाने तर १९१८ ला. त्यामुळे न्यूटन इंग्लंडच्या तेव्हाच्या हिशोबाने २५ डिसेंबर १६४२ चा आणि आजच्या हिशोबाने ४ जानेवारी १६४३ चा. रशियाची ऑक्टोबर क्रांती आपण ७ नोव्हेंबरला लिहितो ती ह्याचमुळे. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस दोघंही २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सर्रास छापतात, पण इंग्लंड आणि स्पेनच्या कॅलेंडरमध्ये तेव्हा १० दिवसांचा फरक होता, म्हणजे तो एक दिवस नव्हताच. जुनी नोंद असेल तर जुनी की नवी पद्धत ते एका शब्दात लिहाच, वाचणाऱ्याचा तो हक्क आहे.

घड्याळही बघा. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती पण जागतिक वेळेनुसार २१ जुलै उजाडला होता, पहाटेचे २:५६. दोन्ही तारखा बरोबर, फक्त कुठली वेळ धरली ते सांगा.

नोंदी पाच-सहाच ठेवा आणि प्रत्येकीला दोन वाक्यं द्या, काय झालं आणि त्याने काय बदललं. नुसतं "अमुक यांचा जन्म" लिहून त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही.

आणि २९ फेब्रुवारी करत असाल तर इटालियन संगीतकार रॉसिनी (१७९२), मोरारजी देसाई (१८९६) अशी नावं मिळतील, पण कुणी २९ फेब्रुवारी १९०० लिहून दिलं तर थांबा. १९०० ला चारने भाग जातो, पण शंभरनेही जातो आणि ४०० ने जात नाही, त्यामुळे ते लीप वर्ष नव्हतं आणि ती तारीख आलीच नाही, म्हणजे रशियासारखे जुनं कॅलेंडर पाळणारे देश सोडून, तिथे ती होती.