मुलाच्या दप्तरात सोल्युशनची ट्यूब सापडली तर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पालक माझ्याकडं येतात ते बहुतेक वेळा पोराला चोप देऊन झाल्यावर. हात उचलायच्या आधी काय करायचं, ते सांगते.

रुमाल बघा. नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या पोराचा रुमाल जागोजागी वाळून कडक झालेला असतो. नाकातोंडाभोवती बारीक पुरळ असतं, अंगाला उग्र वास येतो. जिमच्या बॅगेत इंजेक्शनची बाटली दिसली तर नाव वाचा. मेफेन्टरमाईन हे उतरलेला रक्तदाब चढवायचं औषध आहे, ताकदीचं नव्हे.

मूल हुंगताना सापडलं तर ओरडू नका, मागं धावू नका. थिनर, सोल्युशनमुळं हृदय इतकं हळवं झालेलं असतं, की नुसतं दचकून किंवा पळून ठोके बिघडतात आणि जीव जाऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. मोकळ्या हवेत न्या, शांत बसवा. शुद्ध हरपायला लागली तर 108 ला फोन.

त्या रात्री उलटतपासणी नको. दुसऱ्या दिवशी त्याला रंकाळ्यावर चालायला न्या. शेजारी चालताना नजर चुकवावी लागत नाही, म्हणून मुलं बोलतात. 'कुणी दिलं?' नंतर विचारा. आधी विचारा, 'झोप लागती का रे रात्री?' माझ्या एका विद्यार्थ्यानं मला सांगितलं होतं, "बाई, ते घेतलं की घरातली भांडणं ऐकू येत नाहीत." अशा घरात नुसतं पोराला औषध देऊन भागत नाही. वडिलांच्या खिशात माव्याची पुडी असेल तर तीही आजच सोडायला घ्या, आणि त्याला तसं सांगा.

पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम 64अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. अल्पवयीन मुलाला नशा पुरवणाऱ्याला मात्र 2015 च्या बाल न्याय कायद्यानं 7 वर्षांपर्यंत कैद आहे.

14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. तिथं पोराला घेऊन एकटी आई आलेली मी फार वेळा बघितली आहे. पहिल्या भेटीला दोघंही जा, वडिलांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवावं.