बर्न्सला आंघोळ घालायला जाण्यापूर्वी

सगळ्यात आधी, पितांबरी घरीच ठेवायची. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तारेची घासणी, यातलंही काही पिशवीत नको. न्यूझीलंडमधल्या डनीडिनच्या ऑक्टागन चौकात बसलेला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स ब्राँझचा आहे, पण देव्हाऱ्यातल्या समईसारखा लखलखीत करायचा तो ऐवज नव्हे. त्याच्या अंगावर चढलेला काळपट-हिरवा राप म्हणजे मळ नाही. तो घासून काढला की खालचा उघडा धातू नव्याने गंजायला लागतो. स्कॉटिश मंडळींच्या जोडीने पुतळा धुवायला आपल्यातलं कुणी जाणार असेल, तर घासायची हौस आवरणं ही निम्मी तयारी झाली असं समजा.

तारखेचं गणित नोव्हेंबरमध्येच मांडावं लागतं. कवीचा जन्म २५ जानेवारी १७५९ चा. तिकडे स्कॉटलंडमध्ये तेव्हा कडाक्याची थंडी असते, इथे न्यूझीलंडमध्ये ऐन उन्हाळा. जयंतीच्या आधी काम उरकायचं तर जानेवारीचा पहिला पंधरवडा बरा, पण नाताळापासून इथली कचेऱ्याही सुट्टीवर आणि माणसंही. पुतळा सार्वजनिक आहे, तेव्हा नगर परिषदेची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय बादलीसुद्धा भरायची नाही. पत्रात दिवस, वेळ, किती माणसं, कोणता साबण, कोणतं मेण, वर कसं चढणार आणि धुवणाचं पाणी कुठे जाणार, हे सगळं लिहा. पाण्याचा मुद्दा हमखास राहतो. रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेलं पाणी बंदराकडे वाहतं, म्हणून फेस त्यात सोडायचा नाही. चौथऱ्याभोवती जुनी पांघरुणं गुंडाळून पाणी अडवायचं आणि बादलीत पिळायचं.

येणारे-जाणारे थांबून हटकून विचारतात, तेव्हा चार गोष्टी तोंडावर असू द्या. पुतळा एडिंबरोच्या सर जॉन स्टील यांनी घडवला. असाच बर्न्स न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आणि डंडीत १८८० पासून, तर लंडनला टेम्सकाठी १८८४ पासून बसलेला आहे. डनीडिनमधला २४ मे १८८७ रोजी न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान सर जॉर्ज ग्रे यांच्या हस्ते उघडला गेला. झाडाच्या बुंध्यावर बसलेला, हातात पीस आणि नजर वर आकाशाकडे. वारलेल्या प्रेयसीची, मेरी कॅम्बेलची, आठवण काढतोय. इथेच का, तर १८४८ मध्ये ही वसाहत उभी करणाऱ्यांत त्याचा सख्खा पुतण्या, धर्मगुरू थॉमस बर्न्स, होता. काकाने मद्यावर आणि प्रेमावर कविता केल्या, पुतण्या कडक शिस्तीचा पाद्री. पुतळ्याची पाठ सेंट पॉल कॅथेड्रलकडे आहे, आणि तोंड गुत्त्याकडे, हा गावातला जुना विनोद. पुतण्या १८७१ मध्येच वारला, हे एका अर्थी बरंच झालं.

सामानात नैसर्गिक केसांचे मऊ ब्रश, दोन-तीन मापांचे. बोटांच्या बेचक्यांसाठी जुना मऊ दातब्रश. सुती फडकी भरपूर, मेणासाठी आणि पुसण्यासाठी वेगळी. सौम्य, नॉन-आयॉनिक (पाण्यात विद्युतभार न धरणारा) साबण पाण्यात अगदी थोडा, आणि शेवटच्या हातासाठी साधं शुद्ध केलेलं पाणी. प्रेशर वॉशर कुणी कौतुकाने घेऊन आलं तर त्याला चहा पाजून गाडीत ठेवायला लावा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, सगळं उतरवून यायचं. ओरखडे याच गोष्टींनी पडतात. शिडी पुतळ्याला टेकवायची नाही, कवीच्या गुडघ्यावर पाय देऊन तर मुळीच चढायचं नाही. स्वतःच्या पायांवर उभा राहणारा मचाण लागतो आणि तो लावायला शिकलेला माणूस. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका, इथलं ऊन वाऱ्यामुळे गार वाटतं आणि कातडी सोलून काढतं.

कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, विषय वेगळाच. लाल चोचीचा कुरव बर्न्सच्या डोक्यावर ठाण मांडून बसतो, आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे, तेव्हा दगड मारणं, काटे बसवणं असले उद्योग मनातही आणू नका. शिट वाळून खडखडीत झालेली असते. ती खरवडली तर धूळ नाकात जाते आणि खाली ओरखडा उठतो. हातमोजे, मास्क घालून ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं त्यावर ठेवायचं, मग ती आपणहून सुटते. दुर्लक्ष केलं तर तिच्यातल्या आम्लाने राप खाल्ला जातो आणि फिके ओघळ कायमचे राहतात. डोकं आणि खांदे म्हणून आधी धुवा, मग खाली या.

धुण्याच्या आधी स्वच्छ पाण्याचे चार थेंब खांद्यावर टाकून बघा. गोल मण्यांसारखे उभे राहिले तर मागच्या वेळचं मेण शाबूत आहे. पसरून काळे डाग पडले तर मेण गेलं. मांडीवरच्या खोलगट भागात आणि कपड्यांच्या चुण्यांत पाणी साचतं, तिथे आधी गेलेलं असतं. बोट लावल्यावर फिक्या हिरव्या भुकटीसारखं काही निघालं तर मात्र थांबायचं. समुद्राच्या हवेतलं मीठ धातूत मुरल्याची ती खूण असते आणि ते काम तज्ज्ञाचं. फोटो काढा, परिषदेला कळवा, त्या जागी मेण लावू नका.

पुतळा पूर्ण वाळल्याशिवाय मेण नाही. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून काढलेल्या, बारीक स्फटिकांच्या मेणाचा) पातळ हात, बोटांच्या बेचक्यांत गोळे राहणार नाहीत असा, मग मऊ फडक्याने घासून. बर्नर पेटवून गरम मेण लावायची पद्धत व्हिडिओंत छान दिसते; ती आपल्यासाठी नाही. चौथऱ्याच्या दगडाला मेण लागू देऊ नका, तो नुसत्या पाण्याने पुसला तरी पुरे.

जयंतीला हार घालायचा असेल तर तारेने बांधू नका, सुती नाडी वापरा आणि फुलं कुजायच्या आत उतरवा. आणि रात्रीच्या जेवणाला थांबणार असाल तर आधीच सांगून ठेवा: हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस आणि ओट, पण शाकाहारीही मिळतं. किती जणांसाठी लागेल तो आकडा यजमानांना आदल्या आठवड्यात हवा.