ट्रक कॅम्परमध्ये सामानाची जागा वाढवताना या चुका टाळा

‘भरल्या गाड्याला सूप जड नाही’ ही म्हण पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या कॅम्परला, म्हणजे राहण्या-झोपण्याच्या छोट्या खोलीला, मुळीच लागू पडत नाही. अमेरिकेत असा कॅम्पर घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या सहलीतच सामानाला जागा अपुरी वाटू लागते आणि मग मागे एक पेटी, छतावर एक पेटी, आत दोन ड्रॉवर अशी भर पडत जाते. जागा वाढते, पण ट्रकची वजन पेलण्याची क्षमता होती तेवढीच राहते, आणि पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात असते.

ही क्षमता कळण्यासाठी जाहिरातीतला आकडा पाहू नये. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्यावर त्याच ट्रकपुरते छापलेले असते. उदाहरणादाखल हा आकडा 1500 पौंड धरू. हलका पॉप-अप (छत वर उचलता येणारा) कॅम्पर 1000 पौंडांचा, दोन प्रौढ माणसे 320 पौंडांची आणि टाकीतले 20 गॅलन पाणी सुमारे 167 पौंडांचे, अशी बेरीज केली तर 13 पौंड उरतात, आणि त्यात अजून गॅसचे सिलिंडर, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, कुकर किंवा लोखंडी तवा यांतले काहीच धरलेले नाही. शिवाय कॅम्परचे जे ‘कोरडे वजन’ सांगितले जाते, त्यात नंतर बसवलेल्या वस्तू बहुधा नसतात. म्हणून पहिली पेटी विकत घेण्यापूर्वी पाणी भरून, घरची सगळी माणसे बसवून आणि नेहमीचे सामान ठेवून गाडी महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवरील वजनकाट्यावर न्यावी. तिथे पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे मिळते, आणि खरी माहिती त्या वेगळेपणातच असते.

सर्वांत महागात पडणारी चूक मागच्या पेटीची आहे. हिचच्या (ट्रकमागे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याच्या) नळीत रॅक सरकवून त्यावर ॲल्युमिनियमची पेटी बसवणे अगदी सोपे वाटते, परंतु कॅम्पर मागे बाहेर आलेला असल्यामुळे तिथवर पोहोचायला बहुतेक वेळा एक्स्टेंशन लावावे लागते आणि पेटी मागच्या आसापासून फार लांब जाते. दोन आसांमधले अंतर 4 मीटर असेल आणि 60 किलोची पेटी मागच्या आसाच्या 2.5 मीटर मागे असेल, तर मागच्या आसावर 60 नव्हे, 97.5 किलो भार वाढतो, आणि पुढच्या आसावरचा 37.5 किलो भार उचलला जातो. हे तरफेचे साधे गणित आहे. स्टिअरिंग हलके लागणे, हमरस्त्यावर गाडी तरंगल्यासारखी वाटणे, पुढचा भाग उचलला गेल्याने आपले दिवे डोळ्यांवर येऊन रात्री समोरच्या गाडीवाल्यांनी वारंवार दिवे दाखवणे, ही त्याची लक्षणे होत. ती दिसली की आधी मागची पेटी रिकामी करून गाडी चालवून पाहावी, आणि जादा स्प्रिंग किंवा एअरबॅगचा (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशवीचा) विचार त्यानंतर करावा. एअरबॅगमुळे ट्रकचा मागचा भाग उचलला जातो, पण आस आणि टायर यांची मर्यादा तसूभरही वाढत नाही. एक्स्टेंशन लावल्यावर हिचची क्षमताही घटते, म्हणून त्यावर लिहिलेला कमी आकडाच खरा मानावा. मागचे दिवे आणि नंबरप्लेट पेटीआड जात नाहीत ना, आणि सायलेन्सरचा गरम धूर पेटीवर येत नाही ना, हेही पाहावे.

लांबीचा परिणाम प्रवासाच्या मार्गावरही होतो. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरातल्या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. 19 फुटांच्या ट्रकला अडीच फुटांचा रॅक लागला की तो रस्ता बंद. छतावरच्या पेटीचेही तसेच. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या बोगद्यासाठी 11 फूट 4 इंच ही उंचीची मर्यादा महत्त्वाची आहे, म्हणून पेटी बसवल्यावर नवी उंची टेपने मोजून तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावा. छतावर फक्त हलक्या आणि फुगीर वस्तू ठेवाव्यात. पाण्याचे कॅन किंवा हत्यारांची पेटी वर गेली की वळणावर गाडी झुकलेली लगेच जाणवते.

आता भोकांविषयी, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे आणि तिचा त्रास मी दोन वर्षे काढला आहे. बाहेरच्या भिंतीवर फावडे अडकवण्यासाठी मी चार स्क्रू मारले आणि त्यांच्या डोक्यांभोवती सिलिकॉन फासले. दुसऱ्या पावसाळी वसंतात बेडखालच्या कोपऱ्यात कुबट वास येऊ लागला. गादी उचलून प्लायवुड अंगठ्याने दाबला, तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. बाहेरून मात्र सगळे कोरडे आणि स्वच्छ दिसत होते. पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत शिरते, लाकडी चौकटीतून खाली उतरते आणि भोकापासून तीन-चार फुटांवर दिसू लागते, त्यामुळे गळती शोधताना ओल दिसते त्या जागेच्या वर आणि बाजूला पाहावे लागते. सिलिकॉनचा दुसरा दोष असा की ते पूर्ण खरवडून काढल्याशिवाय त्यावर दुसरे काहीही धरत नाही. बाहेर भोक पाडणे टाळता येत नसेल, तर चौकट नेमकी कुठे आहे ते उत्पादकाला विचारून तिथेच स्क्रू घ्यावा, अडकवायच्या पट्टीमागे ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावावी, स्क्रूच्या आट्यांनाही सीलंट लावावे आणि दर सहा महिन्यांनी ते सांधे तपासावेत. नुसत्या पातळ फायबरग्लासच्या पत्र्यात मारलेला स्क्रू खडबडीत रस्त्यावर सैल होतोच.

प्रोपेन सिलिंडरच्या कप्प्यात थोडी जागा मोकळी दिसते म्हणून तिथे दोऱ्या, हातमोजे किंवा पाइप कोंबू नयेत. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाच्या झरोक्यातून बाहेर पडावा अशी त्या कप्प्याची रचना असते, आणि तो झरोका झाकला तर गॅस आतच साचतो. फ्रिजच्या आणि हीटरच्या जाळ्यांसमोर डबे रचणे हीही याच जातीची चूक आहे. पेट्रोलचा कॅन कॅम्परच्या आत कधीही ठेवू नये. अस्वलांना पळवण्याचा फवारा उन्हात तापणाऱ्या बंद पेटीत राहू देऊ नये.

आतल्या ड्रॉवरच्या बाबतीत लाकडाचेच वजन विसरले जाते. पाऊण इंची प्लायवुडचा 4 बाय 8 फुटांचा एक पूर्ण तक्ता 30 किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे दोन तक्त्यांचे ड्रॉवर केले की सामान ठेवण्याआधीच एका माणसाचे वजन वाढलेले असते. कापडी कप्पे, जाळ्या आणि झाकणाचे हलके डबे पुष्कळदा पुरतात. डाळ-तांदळाचे डबे आणि कुकर जमिनीलगत, शक्य तितके पुढे ठेवावेत. ड्रॉवरला आपोआप अडकणारी खिट्टी हवीच, कारण ब्रेक लागताच भरलेला ड्रॉवर पुढे धावतो. बाहेरच्या भिंतीला लागून कप्पा करत असाल तर मागे बोटभर फट सोडावी. थंडीत भिंतीला सुटणारे पाणी हवेअभावी तिथेच राहते आणि बुरशी धरते.

एक जागा मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कॅम्परचा खालचा भाग आणि हौद्याच्या बाजू यांच्यामध्ये, चाकांच्या उंचवट्याच्या पुढे-मागे, अरुंद पोकळ्या उरतात. लेव्हलिंगचे (गाडी सपाट उभी करण्यासाठी चाकाखाली ठेवायचे) ठोकळे, पाण्याचा पाइप, गुंडाळलेली ताडपत्री यांच्यासाठी ती जागा उत्तम, कारण ती खाली असते आणि आसाजवळ असते. तिथे ठेवलेली वस्तू कॅम्पर ट्रकला बांधणाऱ्या टर्नबकलच्या (पिळून ताणायच्या आकड्यांच्या) आड येत नाही ना, तेवढे पाहावे. आणि कोणताही बदल केल्यावर पहिले 50 मैल गेल्यानंतर थांबून चारही टर्नबकल हाताने तपासून, सैल झालेले पुन्हा आवळावेत.