कोल्हापूरहून सामन्याला खास रेल्वे न्यायची असेल तर

मुंबईत वानखेडेवर सामना लागला की पेठापेठांत गाड्यांची जमवाजमव सुरू होते. दोन-तीन मंडळे एकत्र आली की कुणीतरी म्हणतोच, "त्यापेक्षा आख्खी रेल्वेच घेऊया की!" घेता येते. पण जाण्याची गाडी ठरवून मग परतीचा विचार करू नका. सामना किती वाजता संपेल हे कुणाच्या हातात नसते आणि रेल्वेची वेळ मात्र मिनिटावर बांधलेली असते. म्हणून परतीची वेळ आधी पक्की करा, बाकीचे त्यावरून मागे मोजत या.

गाडी की डबे?

रेल्वेत याला 'एफटीआर', म्हणजे फुल टॅरिफ रेट बुकिंग म्हणतात. आयआरसीटीसीच्या एफटीआर संकेतस्थळावरून अर्ज होतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी तीस दिवस आधी अर्ज पडला पाहिजे. पूर्ण गाडीला कमीत कमी १८ डबे लागतात, त्यात गार्ड-सामानाचे दोन धरूनच. वरची मर्यादा २४. अनामत डब्यामागे ५०,००० रुपये, म्हणजे १८ डब्यांचे ९ लाख. कमी डबे मागितले तरी पूर्ण गाडीसाठी १८ डब्यांचेच धरतात. हा हिशोब सात दिवसांपर्यंतच्या दौऱ्याचा, पुढे डब्यामागे रोज १०,००० वाढतात.

सामन्याला ही तीस दिवसांची अटच नडते. २०२४ चे आयपीएल वेळापत्रक निवडणुकीमुळे दोन हप्त्यांत आले. २०२३ च्या विश्वचषकात अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना १५ ऑक्टोबरवरून १४ ला आणला गेला, तोही वेळापत्रक जाहीर झाल्यावर. त्या तारखेवर गाडी बांधली असती तर? रद्द करताना दिवस जितके कमी उरतील तितकी कपात जास्त. म्हणून वर्गणी घेतानाच "तारीख बदलली तर कपात सगळ्यांत वाटली जाईल" ही ओळ पावतीवर छापा. तोंडी सांगितलेले नंतर कुणाला आठवत नाही.

सहाशेच्या आत माणसे असतील तर पूर्ण गाडीच्या नादी लागू नका. रात्रीच्या महालक्ष्मीसारख्या गाडीला जादा डबे जोडून मागा. मात्र त्या गाडीची लांबी आधीच भरलेली असेल तर नकार येतो, आणि डबा जोडणे-काढणे जिथे गाडी किमान दहा मिनिटे थांबते अशाच स्थानकावर होते.

पैशाचा हिशोब

डब्यात माणसे किती बसली याला किंमत नाही, भाडे पूर्ण क्षमतेचे लागते. बारक्या पोरांचे अर्धे तिकीट, ज्येष्ठांची सवलत यातले काही चालत नाही. वर सेवा आकार, एसी असेल तर जीएसटी, गाडी उभी राहिली तर थांब्याचा आकार. आणि ज्याचा हिशोब बहुतेक जण विसरतात तो रिकाम्या रेकचा, म्हणजे गाडीच्या जोडलेल्या डब्यांच्या संचाचा, खर्च: कोल्हापुरात मोकळा रेक नसेल तर तो पुण्याहून किंवा मुंबईहून रिकामा येतो, परत रिकामा जातो, आणि तो फेरा तुमच्या बिलात बसतो. कोटेशन हातात आल्यावर हे सगळे आकडे वेगवेगळे लिहून मागा.

नव्या बनावटीच्या एलएचबी स्लीपर डब्यात ८० बर्थ, जुन्या बनावटीच्या आयसीएफमध्ये ७२. थ्री-एसी अनुक्रमे ७२ आणि ६४. कुठला रेक मिळणार हे लेखी येईपर्यंत ७२ च धरा. नाहीतर सोळा डब्यांत १,२८० नावे घेऊन बसाल आणि स्टेशनात १,१५२ बर्थची गाडी लागेल.

माणशी रक्कम काढताना एकूण खर्चाला बर्थच्या संख्येने भागू नका, पंच्याऐंशी टक्क्यांनी भागा. १,१५२ चे ८५ टक्के म्हणजे ९७९. उरलेल्या जागा भरल्या तर शिल्लक पडेल. अनामतीपोटी पहिला हप्ता माणशी साधारण ९२० रुपये येतो, तो अर्जाआधी गोळा झालेला असावा. कारण ऑनलाइन नोंदणी झाली की सहा दिवसांत पैसे स्टेशनवर भरावे लागतात, चुकले तर नोंदणी गेली. सदस्यांच्या नावांची यादी करून वर्गणी घ्या. चौकात टेबल टाकून नफ्याने तिकिटे विकलीत तर रेल्वे कायद्याचे कलम १४३ आडवे येते.

अर्जात काय लिहायचे

स्थानकाचे नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. इचलकरंजीची मंडळी येणार असतील तर हातकणंगले, शिवाय जयसिंगपूर, मिरज हे थांबे अर्जातच टाका. आयत्या वेळी गाडी थांबवता येत नाही आणि साखळी ओढली तर कलम १४१ खाली एक हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. कोल्हापूर आणि मिरज दोन्हीकडे स्टेशन मास्तरांना भेटून एवढ्या डब्यांची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला पूर्ण बसते ते विचारा. चार डबे प्लॅटफॉर्मबाहेर राहिले की म्हाताऱ्या माणसांची खडीवर उतरताना फजिती होते.

पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर सामना असेल तर बेगडेवाडी, देहूरोड ही स्थानके नकाशात जवळ दिसतात. तिथे लोकल थांबतात, अठरा डब्यांची गाडी मागू नका. पुण्याला उतरून पुढे बस हाच साधा मार्ग.

परतीची वेळ

साडेसातला सुरू झालेला टी-ट्वेंटी सव्वाअकराच्या सुमारास संपतो. दव, पाऊस, सुपर ओव्हर धरून पाऊण तास वाढवा, म्हणजे बारा. वानखेडे रिकामे व्हायला पाऊण तास. तिथून चर्चगेट, फ्लोरा फाउंटनवरून सीएसएमटी अडीचेक किलोमीटर, गर्दीत चाळीस मिनिटे. डब्याडब्यात मोजणीला अर्धा तास. म्हणून पहाटे दोनच्या आधीची वेळ मागू नका.

आणि तीनच्या पुढचीही नको. पहाटे चारनंतर लोकल सुरू होतात, मग लांबच्या खास गाडीला वाट मिळत नाही. रात्री रुळांच्या देखभालीचे ब्लॉक असतात, त्यामुळे नियंत्रण कक्ष जो 'पाथ', म्हणजे गाडी सोडायची ठरलेली वेळ आणि वाट, देईल तो हातचा घालवू नका. अर्धा तास उशीर केला म्हणजे अर्धाच तास उशिरा पोहोचाल असे नाही. कर्जतला घाट चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, तिथे आपला नंबर गेला की पुढच्या गाड्यांच्या मागे थांबा. लोको पायलटची ड्यूटी साधारण नऊ तासांत बसवतात, उशीर वाढला की मध्येच चालक बदलण्यासाठीही थांबावे लागते. दोनला निघालेली गाडी दुपारी एकपर्यंत कोल्हापुरात अशी अपेक्षा ठेवा, आणि कामावर जाणाऱ्यांना तो दिवस रजेचाच सांगा.

दिवसभर रेक कुठे उभा राहील हेही विचारून ठेवा. गाडी सीएसएमटीच्या फलाटावर थांबत नाही, यार्डात जाते. पिशव्या डब्यात ठेवून सामन्याला जाऊ नका. यार्डात डबे धुतले का, पाणी भरले का, हे परतीच्या दोन तास आधी दोघांनी जाऊन बघावे. कोरड्या टाकीचा डबा लोणावळ्यापर्यंत समजत नाही आणि मग पुण्याशिवाय इलाज नसतो.

डब्यातली शिस्त

प्रत्येक डब्याला दोन डबाप्रमुख, त्यातला एक सामना न बघणारा मिळाला तर सोने. मनगटाला डब्याच्या रंगाची पट्टी, तिच्यावर डबा क्रमांक आणि प्रमुखाचा फोन पेनाने. शाई पावसात जाते म्हणून मार्कर वापरा. परतताना त्याच डब्यात, त्याच बर्थवर. मोजणी तीनदा: कोल्हापूर, सीएसएमटीला उतरताना, परत चढताना. वाटेत इंजिन दुसऱ्या टोकाला लागले तर डब्यांचा क्रम उलटा होतो. पहिला डबा शेवटी जातो आणि अंधारात सगळे उलट्या टोकाला पळतात. म्हणून प्लॅटफॉर्मवर दर तीन डब्यांमागे एक माणूस पाटी घेऊन उभा करा.

हलगी-घुमके न्या, रात्री दहानंतर पिशवीत. फटाके, गॅसची शेगडी, स्टोव्ह पूर्ण बंद, कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुलालाबद्दल कोल्हापूरकराला सांगणे अवघड, पण एसीच्या जाळीत आणि गादीत बसलेला गुलाल सफाईच्या बिलात येतो. जिंकल्यावर गाडी कोल्हापूरला लागली, की स्टेशनबाहेर काय उधळायचा तो उधळा.

जेवणाला तांबडा-पांढरा नको, हलत्या डब्यात रस्सा सांडला की रात्रभर वास. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, जयसिंगपूरचे भडंग, केळी. पाणी माणशी दोन लिटर जाताना, दोन येताना. येतानाचे पाणी यार्डात ठेवू नका. ते सीएसएमटीच्या फलाटावर परतीच्या वेळी उतरवून घ्या आणि मोजून डबाप्रमुखाकडे द्या.

एक महिना आधी आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) आणि लोहमार्ग पोलिसांना माणसांची संख्या, झेंड्यांच्या काठ्यांची लांबी, वाद्ये यांचे पत्र द्या. काठ्या चार फुटांच्या वर नकोतच. मुंबईच्या मैदानाच्या दारात त्या काढूनच घेतात, आणि मग शंभर काठ्यांचा ढीग सांभाळायला एक माणूस बाहेर बसतो.