अरुंधती कशी पाहावी: आधी वसिष्ठ, मग ती

आमचं लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. सप्तपदीनंतर नवरा-नवरीला अरुंधती, म्हणजे सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारचा बारीक तारा, दाखवतात. गुरुजींनी कार्यालयाच्या पंख्याकडे बोट दाखवून ‘अरुंधती दिसली म्हणा’ असं सांगितलं, आणि आम्ही दोघंही मुकाट्याने ‘दिसली’ म्हणालो. पुढे आकाश बघायचा नाद लागल्यावर हिशोब केला. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी अरुंधती चक्क क्षितिजाखाली असते! बोट सतरंजीकडे दाखवायला हवं होतं. (लग्न मार्गशीर्षात असतं तर ती वायव्येला नक्की होती, फक्त उन्हात बुडालेली.) हे राहिलेलं दर्शन रात्री गच्चीवर उरकता येतं, तेही दुर्बिणीशिवाय.

आधी वेळ ठरवा. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास आणि जूनच्या सुरुवातीला नऊच्या सुमारास वसिष्ठ-अरुंधतीची ही जोडी उत्तरेला सर्वात उंच असते, क्षितिजापासून सुमारे ५३ अंशांवर. हात ताठ करून मूठ धरली तर एक मूठ म्हणजे दहा अंश, तेव्हा पाच मुठी मोजा. इतक्या उंचीवर शहराची धूळ आणि दिव्यांचा उजेड बराच कमी आड येतो. कॅलेंडरात अमावास्या बघून तिच्या आगेमागे चार-पाच दिवस धरा.

जागेचं म्हणाल, तर सगळे सिंहगडाचं नाव घेतात. माझं मत जरा वेगळं आहे. गडावरून पुणं ईशान्येला येतं, म्हणजे आपल्याला बघायचंय त्याच बाजूला शहराचा उजेड. त्यापेक्षा शहराच्या उत्तरेला, राजगुरुनगरच्या पुढे कुणाचं शेत असेल तर उत्तम. तेही नसेल तर सोसायटीची गच्ची चालेल, फक्त पाण्याच्या टाकीजवळचा दिवा बंद करा आणि वीस मिनिटं मोबाइल खिशातून काढू नका. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

आता उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षी या दिवसांत पालथे दिसतात. डावीकडे चार ताऱ्यांचा चौकोन, उजवीकडे तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. जुन्या बायका याला बाजलं म्हणत, म्हणजे बाजल्याचे चार पाय आणि मागे तीन चोर. चौकोनाच्या डाव्या कडेचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ तशीच पुढे पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. पुण्यातून तो जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, त्यामुळे बऱ्याचदा समोरच्या इमारतीआड जातो. नाही दिसला तरी अडत नाही.

शेपटीत चौकोनाकडून मोजत या: अंगिरस, वसिष्ठ, मरीची. मधल्या वसिष्ठावर नजर स्थिर करा. संस्कृतात ‘स्थूलारुंधती न्याय’ म्हणतात तो हाच. आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, मग त्याच्या आधाराने बारीक. वसिष्ठ अरुंधतीच्या सुमारे सहापट तेजस्वी दिसतो, म्हणून थेट तिला शोधायला गेलात तर हमखास चुकाल. ती त्याच्या उजवीकडे, किंचित खाली असते. एप्रिलमध्ये संध्याकाळी लवकर, ईशान्येला बघत असाल तर बरीचशी खालीच. अंतर किती? पूर्ण चंद्र तिथे नेऊन ठेवला तर दोघंही त्याच्याआड सहज झाकली जातील. नजर वसिष्ठाच्या थोडी बाजूला रोखली की अरुंधती जास्त स्पष्ट होते.

एक फसगत सांगून ठेवतो. चष्म्याचा नंबर असलेल्यांना कुठलाही तारा कधी कधी जोडीने दिसतो. मान तिरकी करून बघा. दुसरा ठिपका मानेबरोबर फिरला तर तो तुमच्या डोळ्यातला, जागेवर राहिला तर अरुंधती. ती दिसेनाशी झाली की माणसाचे सहाच महिने उरतात, अशी जुनी समजूत आहे. माझी आजी त्या धास्तीने आठवडाभर नीट जेवली नव्हती. निघाला मोतीबिंदू.

जोडी दिसली की १० × ५० ची दुर्बीण लावून बघा. दोघांशी त्रिकोण करणारा एक मंद तिसरा तारा दिसेल. तो बराच मागे आहे, त्याचा या कुटुंबाशी संबंध नाही. टेलिस्कोप मिळाला तर मात्र वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो. या दोघांतला प्रत्येक पुन्हा जोडी आहे आणि २००९ मध्ये अरुंधतीचाही एक सोबती सापडला, म्हणजे एकूण सहा. टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला गेलात तर वसिष्ठाची जोडी दाखवायला सांगा. संस्था १९४४ सालची, आणि ही मंडळी सुमारे ८२ प्रकाशवर्षांवर. तुमच्या डोळ्यात पडणारा प्रकाश साधारण त्याच काळात तिथून निघालेला.

जूनमध्ये ढग आले की गाशा गुंडाळा. मग जानेवारीत पहाटे साडेपाचला हीच जोडी उत्तरेला जवळजवळ याच उंचीवर असते. पर्वती चढणाऱ्यांनी दम खायला थांबल्यावर मागे वळून वर बघावं.