जिप्सीचा डिफरन्शियल बांधताय? या चुका टाळा

जुन्या जिप्सीचा मागचा डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा संच) आवाज करायला लागला की सल्ला ठरलेला असतो: 'क्राउन-पिनियन बदलून टाका.' क्राउन म्हणजे त्यातला मोठा गिअर, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा छोटा. नवा सेट येतो, बसतो आणि गाडी आधीपेक्षा जास्त घोंघावते. बहुतेक वेळा सेटमध्ये खोट नसते, तो मापं न घेता बसवलेला असतो.

मुळात आवाज तिथलाच आहे का? रेस दिल्यावर एकसुरी घोंघों येतो आणि पाय काढताच बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर. रेसने फरक पडत नाही, पण वेगाबरोबर घरघर वाढते, तर बेअरिंग. वळणावर ती कमीजास्त होत असेल तर बहुधा चाकाचं. गाडी सुटताना 'टण' वाजतं ते बरेचदा अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचं (सांध्याचं) निघतं. पुढच्या डिफरन्शियलचा संशय असेल आणि हब फ्री करता (पुढची चाकं अ‍ॅक्सलच्या दांड्यांपासून सुटी करता) येत असतील, तर टू-व्हीलमध्ये हब फ्री करून चालवा. पुढचा क्राउन तेव्हा फिरतच नाही. तरीही आवाज आला तर दोष दुसरीकडे. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळताना गाडी अडखळत असेल, तर काहीच उघडू नका. जिप्सीला मधला डिफरन्शियल नाही, ती तशीच वागणार.

सेट घेण्याआधी दात मोजा. ३७ दातांचा क्राउन आणि ९ दातांचा पिनियन म्हणजे ४.११ चं गुणोत्तर. पुढे-मागे हा आकडा सारखाच हवा, नाहीतर फोर-व्हील टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतील. क्राउन एका सेटचा आणि पिनियन दुसऱ्याचा, हा भंगारातला जुगाड तर नकोच. ते दोघं जोडीनेच घासून तयार केलेले असतात.

खोलताना होणारी सर्वात महाग चूक म्हणजे बेअरिंग कॅपची अदलाबदल. कॅप हाउसिंगला लावूनच बोअर केलेले असतात. डाव्या बाजूला पंचची एक खूण, उजव्या बाजूला दोन, मगच पाना लावा. पिनियनच्या डोक्यामागचा जुना शिमही (पिनियन किती आत बसेल ते ठरवणारी पातळ चकती) जपून ठेवा, नव्या सेटची सुरुवात त्याच्यापासूनच होते. पण तोच शिम अखेरचा, असं धरून चालू नका.

पिनियनच्या दोन बेअरिंगमधली कॉलर एकदाच वापरायची असते. नट आवळताना ती दबते आणि बेअरिंगवर प्रिलोड (आधीच दिलेला दाब) येतो. नट जास्त आवळला गेला तर तो सैल करून भागत नाही, नवी कॉलर टाकावी लागते. इथे 'हाताला अंदाज येतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. पिनियनच्या फ्लँजला (शाफ्ट जोडायच्या चकतीला) दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढा आणि पिनियन सलग फिरत असतानाचं वजन बघा. फ्लँजच्या त्रिज्येने गुणून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा. हे माप क्राउन बसवण्याआधीच घ्यायचं. नव्या आणि वापरलेल्या बेअरिंगचे आकडे वेगळे असतात, हेही लक्षात ठेवा.

मग बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधला सैलपणा. डायल गेज क्राउनच्या दाताला काटकोनात लावा आणि तीन-चार ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा आला तर तो जुळवणाऱ्या अ‍ॅडजस्टर नटांशी झटापट करू नका. क्राउन उतरवा, बैठकीवर कचरा किंवा बर (धातूचा उठलेला कंगोरा) आहे का बघा.

शेवटचा निकाल मात्र प्रशियन ब्लूचा, म्हणजे दात कुठे टेकतात याचा ठसा दाखवणाऱ्या निळ्या लेपाचा. पाच-सहा दातांना पातळ थर लावा, क्राउनला फडक्याने अडसर देत दोन्हीकडे फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. बुडाशी आला तर पिनियन फार आत गेलाय, त्याच्या डोक्यामागचा शिम कमी करा. टोकाशी आला तर शिम वाढवा. दर वेळी बेअरिंग काढताना जीव नकोसा होतो, म्हणून लोक 'चालून जाईल' म्हणतात आणि आवाज इथेच राहतो.

हाउसिंग बंद करताना सिलिकॉन बारीक रेघेइतकंच लावा. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा. तो तुंबला की तापलेलं ऑइल सील ओलांडून ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि नव्या सीलला उगाच शिव्या बसतात.

ऑइल जीएल-५ प्रतीचं, गाडी सपाट जागेवर ठेवून भरण्याच्या भोकापर्यंत. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या, तेही दोन-तीनदा. ट्रेलर ओढणं, घाटात भरलेली गाडी चढवणं पुढे ढकला. साधारण ५०० किलोमीटरला ऑइल बदला आणि काढलेल्या ऑइलातून लोहचुंबक फिरवा. राखाडी मऊ लेप आला तर काळजी नाही. नखाला टोचणारी किरच लागली तर हाउसिंग पुन्हा खाली.