एचआयव्ही चाचणीच्या कामासाठी वस्तीत जाताय? या चुका टाळा

समाजकार्य महाविद्यालयात क्षेत्रकार्याची यादी लागते तेव्हा काही मुलामुलींच्या नावापुढे ‘टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) प्रकल्प’ येतो. तृतीयपंथी, समलिंगी पुरुष किंवा धंदा करणाऱ्या बायका यांच्यात एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणारी संस्था. आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर. अशा विद्यार्थ्यांबरोबर मी बरीच वर्षं वस्तीत फिरते आहे. मुलं मनापासून कामाला लागतात, आणि त्याच उत्साहात काही चुका दरवर्षी नव्याने होतात. त्यांची किंमत विद्यार्थ्याला फारशी मोजावी लागत नाही, वस्तीतल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून हे लिहिते आहे.

सकाळी दहाचं शिबिर

कॉलेजच्या वेळापत्रकात दहाची वेळ बसते, म्हणून शिबिर दहाला. गल्लीतल्या बायका रात्री दोन-तीनपर्यंत जागलेल्या असतात, त्या दहाला गाढ झोपेत. तृतीयपंथींचा डेरा, म्हणजे गुरूंजवळ एकत्र राहणारे चेले, तोवर मागायला बाजारात गेलेला. दोन खुर्च्या, टेबल, लाल रिबनचा बॅनर आणि समोर कुणी नाही. संध्याकाळी डायरीत वाक्य येतं, ‘समाजात जागृतीचा अभाव दिसून आला.’ अभाव जागृतीचा नव्हता, वेळ चुकली होती.

शिबिराची वेळ पीअर एज्युकेटरला, म्हणजे संस्थेसाठी काम करणाऱ्या वस्तीतल्याच कार्यकर्तीला, विचारून ठरवा. कोण कधी मोकळं असतं हे तिला पाठ असतं. आमच्याकडे बहुतेक वेळा दुपारी एक ते चार जमतं. डेऱ्यावर जायचं तर आधी गुरूंना भेटा, काम काय आहे ते सांगा. गुरूंना डावलून चेल्यांना परस्पर गोळा केलं तर दार एकदाच उघडतं. आणि दारातच ‘एचआयव्ही तपासणी’ची पाटी लावू नका. आत जाणारी प्रत्येक व्यक्ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत येते. बीपी, शुगर, सिफिलिस आणि एचआयव्ही अशी एकत्र आरोग्य तपासणी ठेवली की माणसं सहज येतात.

‘रक्त तपासतोय’ एवढंच सांगणं

एकत्र तपासणी ठेवली की इथे घसरायला होतं. बाहेर पाटी नाही याचा अर्थ आतही सांगायचं नाही, असा होत नाही.

भारतात एचआयव्ही असल्याचा पहिला पुरावा 1986 मध्ये एका विद्यार्थिनीच्याच कामातून मिळाला. मद्रासमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निर्मला सेल्लप्पन यांना हा विषय त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सुचवला. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. निर्मलांनी रिमांड होममधल्या बायकांचं रक्त गोळा केलं, नमुने काही काळ घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि वेल्लोरला नेऊन तपासले. त्यातले काही पॉझिटिव्ह निघाले. त्या धाडसी संशोधनाबद्दल मला अपार आदर आहे. पण ही चाचणी कशाची आहे हे त्या बायकांना सांगितलं नव्हतं, हे निर्मला यांनीच पुढे सांगितलं आहे. तेव्हा ना समुपदेशनाची व्यवस्था होती, ना कायदा. आज दोन्ही आहे. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यानुसार समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि चाचणीआधी व नंतर समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे.

बोलायचं कसं, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. आमची एक पीअर असं बोलते: “मावशी, बोटातून एक थेंब घेणार. ही एचआयव्हीची चाचणी आहे. तुमचं नाव बाहेर कुणाला कळणार नाही. नको असेल तर नको म्हणा, बीपी-शुगर तरी करून जा, निरोधही घेऊन जा.” मग ती गप्प बसते. ते गप्प बसणं शिकून घ्या. समोरचा माणूस विचार करत असतो, त्या वेळात आपण आणखी चार फायदे सांगायला लागलो की ती संमती उरत नाही, गळ होते. नकार आला तर नकार. पीअरच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं हे मला माहीत आहे, पण ते ओझं तुम्ही मावशीच्या अंगावर टाकू नका.

शिबिरातल्या निकालावर बोलणं

वस्तीत होते ती प्राथमिक तपासणी, एका किटची. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे किटवर संसर्गाची खूण दिसली, तरी निदान झालं असं होत नाही. पक्कं निदान आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीच्या एकात्मिक केंद्रात, वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतर होतं. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द विद्यार्थ्याने उच्चारायचाच नाही, निकाल सांगणं हे प्रशिक्षित समुपदेशकाचं काम. किटवर दोन रेघा बघून तुमचा चेहरा पडला तरी समोरच्याला कळतं. म्हणून टेबलाच्या त्या बाजूला उभंच राहू नका.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. निगेटिव्ह आलं की “सुटलात!” म्हणून पाठ थोपटायची. संसर्ग झाल्यावर साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ असा असतो, की चाचणीत तो दिसेलच असं नाही. नुकताच धोका झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगा.

सुई आणि लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) विद्यार्थ्यांनी हाताळू नये. तरीही टोचलीच तर लाजेने लपवू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. पीईपीची, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी धोक्यानंतर लगेच घ्यायची, औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात.

हातात चिठ्ठी देऊन मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या माणसाच्या हातात केंद्राचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली, की आपल्याला वाटतं काम झालं.

एकदा एका विद्यार्थिनीने डेऱ्यावरच्या एकीला अशीच चिठ्ठी दिली. ती एकटीच एका मोठ्या रुग्णालयात गेली. नीट नेसलेली साडी, केसांत गजरा. केसपेपरच्या खिडकीवर आधार कार्डावरचं पुरुषी नाव मोठ्याने पुकारलं गेलं, अख्खी रांग वळून बघायला लागली. ती केसपेपर न घेताच परत आली, आणि पुढे चार महिने ती दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. शेवटी पीअर तिला रिक्षात घालून घेऊन गेली, थेट समुपदेशकाच्या खोलीपर्यंत. आज ती एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, घेते आहे.

तेव्हा सोबत जा, किंवा पीअरला पाठवा. आदल्या दिवशी समुपदेशकाला फोन करा, येणाऱ्या व्यक्तीला कोणत्या नावाने हाक मारायची ते विचारून सांगा. रुग्णालयात सकाळची गर्दी ओसरल्यावर पोहोचा. औषधाला पैसे पडतील ही भीती वाटेतच काढा: सरकारी केंद्रात एआरटी 2004 पासून मोफत आहे, आणि 2017 पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच सुरू करता येते. नियमित गोळ्या घेऊन विषाणूचं प्रमाण चाचणीत दिसेनासं झालं आणि तसंच राहिलं, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही सांगा. कवटीचं चित्र असलेल्या भित्तिपत्रकाने जे कधी साधलं नाही, ते या एका वाक्याने साधलेलं मी पाहिलं आहे.

फोटो आणि डायरी

ग्रुपवर टाकलेल्या फोटोच्या कोपऱ्यात नोंदवही उघडी असते. झूम केलं की नाव वाचता येतं. फोटो काढूच नका. कॉलेजला पुरावा हवा असेल तर संस्थेचं सहीशिक्क्याचं पत्र पुरतं. क्षेत्रकार्याच्या डायरीत नाव नको, गल्ली नको, ओळख पटेल असा तपशील नको. बसमध्ये मैत्रिणीला “आज एक केस आली” म्हणून सांगणंही नको. वस्ती लहान असते, बोभाटा व्हायला एक वाक्य पुरतं.

‘एड्सची टेस्ट’, ‘हाय रिस्कवाले’ हे शब्द तोंडावर वापरू नका. आपल्याला काय म्हणतात ते लोकांना लगेच कळतं.

न सांगता जाणं

मार्चमध्ये परीक्षा लागतात आणि मुलं अचानक यायची बंद होतात. ज्या बाईने तुमच्यावर विश्वास टाकून नवऱ्याला न सांगितलेलं तुम्हाला सांगितलं, ती पुढच्या गुरुवारी वाट बघते. महिनाभर आधीच सांगा की मी जाणार आहे. ज्यांची चाचणी किंवा औषध अर्ध्यावर आहे त्यांची पीअरशी समोरासमोर बसून गाठ घालून द्या, आणि 1097 हा एचआयव्हीविषयीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून द्या. कोणत्या नावाने सेव्ह करायचा, ते मात्र त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे एकीने तो ‘मोठी ताई’ म्हणून ठेवला आहे.